कॉलर सपाट बसत नाही, तीच खरी

नाशिकच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा: "काका, ऑगस्टमध्ये मी एमएससाठी बॉस्टनला चाललेय. 1960 च्या आसपासचे अमेरिकन कॉलेजांतले फोटो मला फार आवडतात. हल्ली 'ओल्ड मनी' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातही तेच सगळं असतं, बटण-डाउन शर्ट, चिनो, लोफर, खांद्यावर टाकलेला स्वेटर. पण जुन्या फोटोत जे दिसतं ते नव्यात दिसत नाही. नेमकं काय बदललंय? विंटेज घेण्यात अर्थ आहे का? आणि हे आपल्यावर शोभेल की गॅदरिंगला ड्रेस भाड्यानं आणल्यासारखं वाटेल? बाबांचे जुने चौकडीचे शर्ट आई बोहारणीला देतेय, त्यातले काही कामाचे असतील का?"

काका म्हणून सुरुवात केलीस, तेव्हा मीही सरळ अगं-तुगं करतो. सगळ्यात आधी बोहारणीला आजच्या दिवस परत पाठव. का ते शेवटी सांगतो.

मी 34 वर्षं शर्टाचे पॅटर्न काढतोय. त्यातली पहिली 11 वर्षं मुंबईत एका निर्यात कारखान्याच्या सॅम्पल खात्यात गेली. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे एका फजितीतून मिळालं, म्हणून तीच आधी सांगतो.

एका अमेरिकन बायरनं नमुना म्हणून एक जुना शर्ट पाठवला होता. निळ्या ऑक्सफर्ड कापडाचा बटण-डाउन, म्हणजे कॉलरची टोकं बटणांनी शर्टाला अडकवलेला, धुऊन धुऊन आभाळासारखा फिका झालेला, कॉलरच्या घडीवर दोरे निघालेले. सोबत सूचना एवढीच की हुबेहूब असा हवा. मी टेबलावर घेऊन उसवायला बसलो. कॉलरची शिवण उघडली आणि आत काहीच नाही! कॉलर ताठ ठेवणारं ना बुक्रम, ना चिकटवायचं फ्युजिंग. कापडाचे दोन पदर आणि मध्ये हवा. मला वाटलं कारागीर विसरला असणार. शिवाय कॉलरची टोकं जिथे सपाट पडायला हवीत, त्याच्या थोडी वरच बटणं लावलेली, त्यामुळे कॉलर मध्येच फुगून वळत होती. तीही मला चूकच वाटली. मी दोन्ही 'चुका' दुरुस्त केल्या. आत छान फ्युजिंग चिकटवलं, बटणं पाव इंच खाली सरकवली, इस्त्री मारून कॉलर पत्र्यासारखी चापून बसवली आणि अभिमानानं सॅम्पल पाठवलं.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की कॉलर मेलेली आहे. आमच्या मास्तरांनी माझा शर्ट आणि तो उसवलेला शर्ट शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "अरे, त्या फुगवट्याचेच तर पैसे होते."

त्या फुगवट्याला तिकडे 'रोल' म्हणतात. तो कसा येतो ते समजून घे, कारण जुनं आणि नवं यांतला निम्मा फरक इथेच आहे. कॉलरचं पातं लांब असतं, जुन्या शर्टांत सव्वातीन इंच किंवा त्याहून थोडं जास्तच. गळ्याच्या पट्टीपासून ते बटणापर्यंतचं सरळ अंतर त्यापेक्षा कमी ठेवलेलं असतं. मग जास्तीच्या कापडाला जायला जागा नसते, ते कमान घेऊन बाहेर येतं. आत अस्तर नसल्यामुळे ती कमान दर वेळी सारखी पडत नाही. मान वळवली की बदलते, टाय बांधला की आणखी फुगते, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. जुन्या फोटोतला मुलगा 'सहज' दिसतो तो बराचसा या कॉलरमुळे. आजच्या शर्टात कॉलर आखूड, आत गरम प्रेसखाली चिकटवलेलं फ्युजिंग, आणि टोकं बरोबर सपाट पडतील तिथे बटणं. थोडक्यात, मी तेव्हा जो शर्ट करून पाठवला होता तो आज सगळीकडे मिळतो.

ही कॉलर आली कुठून, तर न्यूयॉर्कची ब्रूक्स ब्रदर्स ही 1818 साली सुरू झालेली पेढी असं सांगते की, मालकांच्या घराण्यातले जॉन ब्रूक्स 1896 साली इंग्लंडात पोलो बघायला गेले होते. खेळाडूंनी वाऱ्यानं कॉलर तोंडावर उडू नये म्हणून तिची टोकं बटणांनी अडकवलेली त्यांनी पाहिली आणि कल्पना घरी आणली. म्हणून तिथे त्या शर्टाला अजून पोलो कॉलरचा शर्ट म्हणतात. आणि तो पोलो इंग्रजांनी शिकला मणिपुरी लोकांकडून, पहिला क्लब काढला आसामात सिल्चरला, 1859 मध्ये. तेव्हा 'आपल्यावर शोभेल का' हे विचारण्याआधी एवढं ध्यानात ठेव. याबद्दल पुढे आणखी आहे.

कॉलरचं जे, तेच बाकी सगळ्याचं. त्या काळच्या विद्यार्थ्यांचा कोट बघ. ब्रूक्सनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो 'सॅक' कोट रूढ केला, त्यात खांद्याला भराव जवळपास नसतो, पुढच्या बाजूला कमरेचे डार्ट, म्हणजे कंबर आवळणाऱ्या चिमट्या, नसतात, कोट खांद्यावरून सरळ खाली पडतो. बटणं तीन, पण लॅपेल, म्हणजे कोटाची छातीवर वळलेली पट्टी, मधल्या बटणापर्यंत वळत जाते, त्यामुळे वरचं काज लॅपेलवर उलटं दिसतं आणि वापरात कधीच येत नाही. मागे एकच चीर, वरती आकड्यासारखी शिवलेली. अस्तर अर्धंच. कोट अंगावर घातला की शर्टासारखा वाटायला हवा, ही त्यामागची धारणा. लोफरचंही तसंच. बास कंपनीनं 1936 साली 'वीजन' नावानं जो जोडा काढला, त्यात चामड्याचा एकच तुकडा तळपायाखालून वर येतो आणि माथ्यावर शिवला जातो. असा जोडा पायाला जखडून धरत नाही, पायच त्याला आकार देतो. मुलं तो फाटेपर्यंत घालत, आणि फाटला की वर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून आणखी एक सत्र काढत.

माझ्या मते या जुन्या कॉलेजी कपड्यांचं, म्हणजे ज्याला 'प्रेपी' म्हणतात त्याचं, सगळं सार मऊपणात आहे. शिवताना ठेवलेला मऊपणा आणि वापरून आलेला मऊपणा. फुगवटा काढला, फ्युजिंग घातलं, छातीवर क्रेस्ट म्हणजे क्लबचं चिन्ह चिकटवलं की उरतो तो युनिफॉर्म. हल्लीच्या व्हिडिओत तुला जे खटकतं ते हेच असणार, असा माझा अंदाज आहे.

चिनोकडे बघताना आसन बघ. जुन्या पँटीचं आसन उंच असे, कमरपट्टी जवळजवळ बेंबीवर. मांडीला सैल आणि खाली किंचित निमुळती. ती पँट मुळात कॉलेजची नव्हतीच. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1944 च्या जीआय बिल या कायद्यामुळे वीस लाखांहून जास्त माजी सैनिक सरकारी खर्चानं कॉलेजात शिरले. त्यांच्याकडे लष्करातल्या खाकी पँटी होत्या, त्यांनी त्याच घातल्या. गडगंज घरच्या मुलांशेजारी वर्गात शेतकऱ्याचा, खाणकामगाराचा मुलगा बसला तो त्या पँटीत, आणि वर्षा-दोन वर्षांत श्रीमंतांनीही तीच उचलली. खाकी हा शब्द खाक म्हणजे धूळ यावरून आला, आणि तो रंग पलटणीला पहिल्यांदा दिला गेला पेशावरच्या बाजूला, 1840 च्या दशकात, हॅरी लम्सडेनच्या गाइड्स तुकडीत. पँटी आखूड का दिसतात असंही तू कधी मनात म्हणाली असशील. बरेचदा कारण साधं असे. सुती कापड, दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं, आणि उंची वाढायचं वय.

मुलींचं थोडं वेगळं लिहायला हवं, कारण 'प्रेपी' म्हटलं की आजकाल प्लीटचा आखूड स्कर्ट पुढे येतो आणि तो या गोष्टीतला फारच छोटा भाग आहे. येल आणि प्रिन्स्टननं पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली ती 1969 मध्ये. त्याआधी मुलींची आपली कॉलेजं होती. स्मिथ, वेल्स्ली, व्हॅसार, बर्नार्ड वगैरे सात, त्यांना सेव्हन सिस्टर्स म्हणत. तिथल्या मुली कपड्यांच्या बाबतीत मुलांच्याही पुढे होत्या. 1944 साली लाइफ मासिकानं वेल्स्लीच्या मुलींचा फोटो छापला, ढगळ जीन घातलेल्या आणि पुरुषी शर्ट बाहेर सोडलेल्या, आणि त्यावर बराच गहजब झाला. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या लोकरीचे स्वेटर त्या एक माप मोठे घेत. मुलींनी भावाचा, वडिलांचा बटण-डाउन शर्ट घालणं इतकं वाढलं की 1949 मध्ये ब्रूक्सनं तोच शर्ट गुलाबी रंगात खास बायकांसाठी काढला.

आणि वर नियम! 1960 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्डमध्ये बर्म्युडा शॉर्ट्स आणि तंग स्लॅक्सवर बंदी आणायचं घाटत होतं. समोरच रस्त्यापलीकडे मुलांचं कोलंबिया. मुलींनी गोंधळ घातला, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग तडजोड झाली. शॉर्ट्स चालतील, पण गुडघ्याच्या फार वर नकोत, आणि रस्ता ओलांडून कोलंबियात जाताना वरून लांब कोट घालायचा. हे वाचताना मला आपल्याकडच्या लेडीज होस्टेलच्या रेक्टरबाई आठवल्या. मुलांनाही सूट नव्हती, येलच्या जेवणघरात कोट आणि टाय घातल्याशिवाय वाढत नसत. मग मुलं काय करत? दाराशी खुंटीला टांगलेला चुरगळलेला कोट चढवायचा, टायची गाठ कशीतरी ओढायची आणि आत जायचं. ते गबाळेपण तिथून आलंय. नियम पाळायचा पण मन लावून नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी हे नियम गेले, आणि नियम गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत त्या मुलांनी स्वतःहून ते कपडेही टाकले. म्हणजे ज्या फोटोंवर आपण भाळतो तो काळ तसा थोडकाच, युद्ध संपल्यापासून जेमतेम वीस-बावीस वर्षांचा.

आता 'आपल्यावर शोभेल का'. हा प्रश्न मला ग्राहक वारंवार विचारतात आणि मला त्याचा जरा रागच येतो. हे कपडे गोऱ्या, श्रीमंत, जुन्या घराण्यांचे, अशी समजूत आहे. घालणारे तसे होते हे खरं. शिवणारे, विकणारे, टिकवणारे कोण होते ते बघ. येलच्या दारात 1902 साली ज्यांनी दुकान टाकलं ते जे. प्रेसचे याकोबी प्रेस, लाटव्हियातून आलेले ज्यू. त्याच येलमध्ये पुढे कित्येक दशकं ज्यू मुलांना किती घ्यायचं याला छुपी मर्यादा होती. मुलाचा कोट ज्याच्याकडून शिवून घ्यायचा, त्याच्या मुलाला प्रवेश द्यायचा नाही. ज्यानं पुढे ही सगळी छबी जगभर विकली तो राल्फ लॉरेन न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. आधी ब्रूक्समध्येच विक्रेता होता आणि 1967 मध्ये टाय विकून त्यानं सुरुवात केली.

काळ्या अमेरिकनांनी तर हा पोशाख वेगळ्याच उंचीवर नेला. तू बॉस्टनला जाते आहेस म्हणून सांगतो, नदीपलीकडे केंब्रिजला हार्वर्डजवळ अँडोव्हर शॉप आहे. 1950 च्या दशकात तिथे चार्ली डेव्हिडसन यांच्याकडे जॅझवादक माइल्स डेव्हिस कपडे घ्यायला येत. ट्रम्पेट हातात घेऊन हिरव्या बटण-डाउन शर्टात बसलेला त्यांचा 1958 च्या रेकॉर्डवरचा फोटो शोधून बघ, कॉलरचा रोल काय असतो ते एका नजरेत कळेल. फेब्रुवारी 1960 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रीन्सबरोला वूलवर्थ या दुकानातल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या खाण्याच्या काउंटरवर काळे विद्यार्थी जाऊन बसले ते नीटनेटक्या कोटांत. त्या मुलांना चुरगळलेला कोट परवडणारा नव्हता. येलचा मुलगा गबाळा राहिला तर 'मोठ्या घरचा' म्हणून खपून जाई, यांच्या शर्टावर एक डाग दिसला तर वर्तमानपत्रात तोच छापला गेला असता. कपडा एकच, पण एकाला तो निष्काळजीपणे घालता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे विसरू नकोस. आपल्याकडेही कोट कोणी घातला आणि का घातला याचा इतिहास आहे, आणि तो आंबेडकरांच्या निळ्या कोटापाशी येऊन थांबतो. 2022 मध्ये राल्फ लॉरेननं अटलांटाच्या मोरहाउस आणि स्पेलमन या ऐतिहासिक काळ्या कॉलेजांच्या परंपरेवर कपडे काढले. साठ वर्षं उशिरा, पण काढले.

आणि जपानी! हे मला सगळ्यात आवडतं. केन्सुके इशिझू नावाच्या गृहस्थांनी व्हॅन जॅकेट नावाची कंपनी काढून जपानी पोरांना आयव्ही, म्हणजे येल-प्रिन्स्टनसारख्या कॉलेजांतल्या, कपड्यांचं वेड लावलं. 1964 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर टोकियोत गिंझामधल्या मियुकी रस्त्यावर ही पोरं आखूड पँटी आणि बटण-डाउन शर्ट घालून नुसती उभी राहत, तर पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून पोलिसांनी त्यांची धरपकड केली. बटण-डाउन शर्ट घातल्याबद्दल चौकीत! दुसऱ्या वर्षी व्हॅनची मंडळी अमेरिकेत आयव्ही कॉलेजांचे फोटो काढायला गेली. त्यांना वाटत होतं की मुलं तीन बटणी सुटात भेटतील. प्रत्यक्षात भेटली ती कापलेल्या चड्ड्या आणि चपला घालून फिरणारी. तेरुयोशी हायाशिदांनी काढलेले ते फोटो 'टेक आयव्ही' या नावानं 1965 मध्ये पुस्तकरूपात आले. 2010 मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि अमेरिकन लोक स्वतःचेच जुने कपडे जपानी पुस्तकातून शिकू लागले. तू बघतेस त्यातले बरेच फोटो याच पुस्तकातले असण्याची शक्यता आहे. जे. प्रेस हे दुकानही 1986 पासून जपानी कंपनीच्या मालकीचं आहे.

आता आपलं. येल या नावाचा माणूस, एलिहू येल, हा मद्रासचा. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला गव्हर्नर, 1687 ते 1692. गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याला पदावरून काढलं. 1718 मध्ये त्यानं कनेक्टिकटमधल्या एका धडपडत्या कॉलेजाला पुस्तकं आणि मालाच्या गाठी पाठवल्या. त्या गाठी विकून साडेपाचशेवर पौंड आले आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. त्या गाठींत कापड होतं. पुढे अडीचशे वर्षांनी त्याच कॉलेजचा मुलगा उन्हाळ्यात जो चौकड्याचा शर्ट घालू लागला त्याचं नाव 'मद्रास'. हातमागावरचं, वनस्पतींच्या रंगाचं, आपल्याकडे लुंगीला वापरतात ते कापड. 1958 च्या सुमाराला ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेलं त्यात कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर यांचा हात होता, ज्यांनी पुढे मुंबईत लीला हॉटेल बांधलं. नायर स्वतः सांगायचे तो किस्सा असा. माल ब्रूक्समध्ये गेला, गिऱ्हाइकांनी मशीनमध्ये टाकला, रंग सुटला, चौकड्या एकमेकींत मिसळल्या, तक्रारी आल्या, आयातदार संतापला. मग उलटी हुशारी केली. रंग जातो हेच वैशिष्ट्य म्हणून विकायचं. 'रंग सुटणार याची हमी' अशी जाहिरात झाली आणि लोकांनी रांगा लावल्या. दर धुण्याला शर्ट नवा दिसतो म्हणे. आमच्या धंद्यात रंग सुटला तर आख्खी कन्साइनमेंट परत येते, त्यामुळे हा किस्सा मी नव्या पोरांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे संशयानं बघतात.

सीरसकर हेही असंच आपल्या बाजूचं. शब्द फारसी, 'शीर-ओ-शकर', दूध आणि साखर. एक पट्टी गुळगुळीत, एक चुरगळलेली. मागावर काही ताणे, म्हणजे उभे दोरे, सैल सोडून विणतात म्हणून ते तसं होतं. बॉस्टनच्या जुलैत आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये त्याच्याइतकं सुखाचं कापड नाही, आणि इस्त्री लागत नाही हा वरचा फायदा.

तर शोभण्याचं असं आहे. आतल्या माणसांनी हे कपडे 1970 च्या आत टाकून दिले होते, पुढे टिकवले ते बाहेरच्यांनी. तू त्या रांगेत अगदी आरामात उभी राहू शकतेस.

आजच्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखं त्या मानानं कमी आहे. 1970 मध्ये एका गाजलेल्या सिनेमामुळे 'प्रेपी' हा शब्द घरोघरी गेला, 1980 मध्ये त्याची टिंगल करणारं विनोदी पुस्तक निघालं आणि लोकांनी ते खरेदीची यादी समजून वापरलं. तिथून ही शैली विद्यार्थ्यांच्या सवयीतून निघून दुकानाच्या रॅकवर गेली. गेल्या वीस वर्षांत दोन लाटा आल्या. आधी सगळं चापून चोपून. कोट आखूड, मुंढा काखेत रुतणारा, पँट नडगीला चिकटलेली. आता उलट, सगळं दोन मापं मोठं. जुना शर्ट यांपैकी कुठल्याच टोकाला नव्हता. त्याला घेर असे, पण खांद्याची शिवण खांद्यावरच बसे. हल्लीचे ओव्हरसाइज शर्ट घेर वाढवताना खांदाही उतरवतात, आणि मग ते अंगावर नसतात, हँगरवर असतात. 2020 मध्ये ब्रूक्स ब्रदर्सनं दिवाळखोरी जाहीर केली आणि त्यांचे अमेरिकेतले कारखाने बंद पडले. ज्यांनी ही कॉलर आणली त्यांचे कारखाने बंद झाले याचं मला खरंच वाईट वाटलं. चांगलं काम करणारेही आहेत. रोइंग ब्लेझर्स ही कंपनी 2017 मध्ये सुरू झाली, त्यांनी जुन्या रग्बी शर्टांना हात घातला तो अभ्यास करून. बाकीच्या बहुतेकांनी चित्र उचललंय, कापड नाही.

नॉन-आयर्न हा माझा जुना राग आहे, तेवढा ऐकून घे. सुरकुती पडू नये म्हणून त्या कापडावर रेझिनची प्रक्रिया करतात. शर्ट पहिल्या दिवशी चकचकीत दिसतो, पण तो म्हातारा होत नाही, नुसता मरतो. घडीवर तुटतो, रंग फिका पडत नाही तर मळकट होतो, आणि पन्नास धुण्यांनंतरही हाताला कागदच लागतो. साधा ऑक्सफर्ड घे. त्यात ताण्याचे दोन बारीक दोरे जोडीनं जातात आणि आडव्या बाण्याचा एक जाड. रंग बहुतेक ताण्यालाच असतो, बाणा पांढरा, म्हणून जवळून बघितलं की ठिपके दिसतात आणि लांबून नुसता फिका निळा. धुऊन टांग, अंगावरच वाळू दिलास तरी चालेल.

विंटेजचं. नाशिकहून आत्ता काही विकत घेऊन जाऊ नकोस, बॉस्टनच्या बाजूला जुन्या कपड्यांची दुकानं भरपूर आहेत आणि हे कपडे मुळात तिथलेच. तिथे गेल्यावर लेबलवरचा आकडा बघू नकोस, टेप ठेव खिशात. आपला एक नीट बसणारा शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजून ठेव, तेवढं माप पाठ कर. कॉलर दोन बोटांत धरून चोळ. दोन पदर एकमेकांवर सरकले तर आत चिकटवलेलं काही नाही, घे. लोकरी स्वेटर आणि कोट घेताना उजेडाकडे धरून बघ, कसर लागलेली असेल तर टाचणीएवढी भोकं दिसतील, आणि एक कसर लागलेला स्वेटर कपाटातले बाकीचे चार खातो. कोटाची बाही आखूड-लांब करता येते, कंबर करता येते. खांदा करता येत नाही, म्हणजे येतो, पण जेवढ्यात कोट घेतलास त्याच्या तिप्पट शिलाई लागेल. मुलग्यांच्या विभागात जरूर डोकाव. तिथली मोठी मापं बायकांना बसतात आणि स्वस्त पडतात, तिकडच्या मुली पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्यात.

छातीवर क्रेस्ट असलेला ब्लेझर मात्र घेऊ नकोस. तो कुठल्या तरी क्लबचा, शाळेचा, बोटीच्या संघाचा असतो, आणि कोणीतरी कधीतरी विचारणारच की तू कुठल्या वर्षाची. साधा नेव्ही ब्लू घे. शेटलंडचा स्वेटर एक घे, गळ्याला गोल, जरा खरखरीत. टोचेल, आत शर्ट आहेच. ऑक्टोबरपासून तोच अंगावर राहील. थंडीचा जाड कोट मात्र नवाच घे, तिथे शैलीचा विचार करू नकोस, नाक गळायला लागलं की कॉलरचा रोल कोणी बघत नाही.

आता बोहारीण. बाबांचे चौकडीचे शर्ट तू म्हणतेस ते बहुधा नव्वदच्या दशकातले, शिंप्याकडून शिवून घेतलेले असतील. त्या काळच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गरम प्रेस नसे, तो कॉलरमध्ये सुती बुक्रम घालायचा, तोही धुऊन मऊ पडलेला असेल. घेर भरपूर, लांब पाठ, खांदा जागेवर. चौकडी हातमागाची असेल तर सोन्याहून पिवळं. कॉलरच्या घडीवर दोरे निघाले असतील म्हणूनच आई द्यायला निघाली असेल. आपल्याकडे त्यावर उपाय होता आणि तो अजून काही म्हाताऱ्या शिंप्यांना येतो. कॉलर पट्टीपासून उसवायची, उलटी करायची, आतली कोरी बाजू वर आणून परत शिवायची. पगार पुरवून पुरवून वापरणारे आमचे वडील दर दोन-तीन वर्षांनी कॉलर उलटवून घेत. तिकडे मोठ्या घरची मुलं त्याच झिजलेल्या कॉलरी मिरवत होती, आणि इकडे ती झीज शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून ही शिलाई चालायची.

उलटवताना शिंप्याला सांग की जुनं बुक्रम काढून टाक, नवं काही घालू नकोस. टोकांना बारीक काजं कर. बटणं शर्टावर लावायच्या आधी शर्ट अंगावर घाल, टोकं जिथे आपोआप पडतात तिथे पेन्सिलनं खूण कर, आणि बटण त्या खुणेच्या पाव इंच वर लावायला सांग. तो म्हणेल, ताई, अशी कॉलर फुगेल. फुगू दे म्हणावं.